एक स्वर खाली

"उघड" या शब्दावर नियेवेसचा आवाज पुन्हा फाटला. ड्रमवाल्याने काठ्या मांडीवर आडव्या ठेवल्या. गिटार थांबली, मग बेस थांबला आणि सर्वांत शेवटी कीबोर्डवरच्या मुलीने हात उचलले. माद्रिदच्या काराबांचेल भागातल्या त्या तालमीच्या खोलीला खिडकी नव्हती. भिंतींवर जुन्या गाद्या ठोकलेल्या होत्या, त्यामुळे वाजवणं थांबलं की खोलीत काहीच उरत नसे.

नियेवेस घोटभर पाणी प्यायली.

"हीटर," ती म्हणाली. "घसा सुकवतोय. बंद करा तो."

हीटर सकाळपासून बंदच होता. वाद्यवृंद बांधायचं काम ज्याच्याकडे होतं तो रामिरो उठला, भिंतीपाशी गेला, बटणाला हात लावून परत आला.

"केला बंद," तो म्हणाला.

गाणं जुनं होतं, 'खाडीतलं मीठ'. नियेवेस तुन्योन पंधरा वर्षं ज्या बँडची गायिका होती त्या 'फारो सिएगो'चं. स्पेनमध्ये लग्नात, बारमध्ये, फुटबॉलच्या मैदानात ते गाणं कुठेही लागलं की लोक शेवटच्या ओळीची वाट पाहत. 'दार उघड, मी आले आहे.' त्यातल्या 'उघड'वर नियेवेस एकदम वर जात असे आणि तिथेच थांबत असे, आणि लोक आपापल्या ग्लासासकट हात वर करत. मागच्या उन्हाळ्यात तिने बँड सोडला. मार्चमध्ये माद्रिदच्या एका मोठ्या थिएटरात ती पहिल्यांदा एकटीच्या नावावर गाणार होती. नव्या रेकॉर्डवरची गाणी तिच्यासाठी बेतून लिहिलेली होती आणि ती ठीक जात होती. पण शेवट 'मीठ'नेच करायचा, असं तिची कामं पाहणाऱ्या पालोमाने ठरवलं होतं आणि नियेवेसलाही तेच हवं होतं. गाणं लिहिलं होतं बँडच्या गिटारवाल्याने, एलोयने. त्याला फोन केला तेव्हा तो एवढंच म्हणाला होता, "गा की."

"पुन्हा घेऊ," नियेवेस म्हणाली.

"एक विचारू का?" गिटारवाला साउल म्हणाला. तो विशीतला होता आणि सगळ्यांना अजून अहो-जाहो करत होता. "पट्टी एकदा नक्की करू या का? म्हणजे मला तयारी करायला बरं."

"पट्टी काय नक्की करायची? रेकॉर्डवर आहे ती. आम्ही नेहमी तीच घ्यायचो."

"हो, पण मागच्या दौऱ्यात तुम्ही—"

"साउल," रामिरो म्हणाला.

"काय मागच्या दौऱ्यात?"

साउलने रामिरोकडे पाहिलं. रामिरो कीबोर्डच्या वायरीत काहीतरी शोधत होता.

"बोल ना. जीभ गिळलीस का?"

"वायादोलिदच्या जत्रेतला व्हिडिओ आहे ना, त्यावरून मी गाणं बसवलं होतं. मग रेकॉर्ड लावली तर जुळेना. आधी वाटलं, व्हिडिओच हळू चालतोय. पण नाही. तिथे सगळं एक स्वर खाली आहे. अख्खा एक."

"तुझे कान तपासून घे," नियेवेस म्हणाली.

कोणी हसलं नाही. तेव्हा तिने हात पुढे केला आणि साउलने आपला फोन तिला दिला. आधी रेकॉर्ड, मग जत्रा. जुना आवाज ऐकायची तिला सवय नव्हती. स्वतःच्या रेकॉर्ड घरात लावणाऱ्या गायकांची ती टर उडवत असे. रेकॉर्डवरचा तो चढा सूर वर जाऊन चमकला. जत्रेतला सूरही स्वच्छ होता, भरलेला होता, हजारो माणसं त्याच्याबरोबर ओरडत होती. फक्त तो तितका वर नव्हता. एकामागोमाग एक ऐकल्यावर ते कळायला संगीत शिकलेलं असण्याची गरज नव्हती. जिन्याची एक पायरी काढून घ्यावी तसं ते होतं.

तिने दोन्ही पुन्हा ऐकले. मग फोन साउलला परत दिला.

"जत्रेतले स्पीकर," ती म्हणाली. पण तालीम पुढे झाली नाही.

*

डॉक्टरीण बाईंनी नाकातून बारीक कॅमेरा आत सोडला आणि नियेवेसला 'ई' म्हणायला सांगितलं. पडद्यावर दोन पांढऱ्या पट्ट्या जवळ येत होत्या, पण मध्ये नीट मिटत नव्हत्या.

"हे दिसतंय?" बाई म्हणाल्या. "वण आहे. आतमध्ये कधीतरी रक्त साकळलं असणार आणि तुम्ही त्यावरच गात राहिलात. जुना आहे. तीन वर्षं, कदाचित जास्त."

"गेल्या वर्षापर्यंत मी रोज गात होते. काही त्रास नव्हता."

"वरचा सूर आधी जातो. हळूहळू जातो, पण जातो हे कळतं. गाणाऱ्याला तर सगळ्यांच्या आधी कळतं. तेव्हाच यायला हवं होतं. महिना-दोन महिने तोंड बंद, थोडे व्यायाम. बहुतेकांचं तेवढ्यावर भागतं." त्यांनी हातमोजे काढले. "तुम्हाला कळलं नाही?"

नियेवेस नाक पुसत होती.

"आता?"

"आता जो आहे तो जपायचा. मधला आवाज तुमचा उत्तम आहे, आयुष्यभर पुरेल. वरच्याच्या नादी लागू नका. तिथे जोर लावलात आणि पुन्हा रक्त साकळलं, तर मधलाही जाईल. आणि कार्यक्रम असेल तर त्याच्या आधी काही दिवस अजिबात बोलायचं नाही. कुजबुजायचंही नाही."

बाहेर आल्यावर पालोमाचा फोन वाजला. नियेवेसने तो वाजू दिला. समोरच्या बसथांब्याच्या काचेवर तिचं पोस्टर होतं. वर मोठ्या अक्षरात तिचं नाव, खाली बारीक अक्षरात 'फारो सिएगोचा आवाज'. ती खालची ओळ काढा म्हणून तिने किती भांडण केलं होतं. पालोमा म्हणाली होती, "त्या ओळीवरच तिकिटं जातात, राणी."

*

आविलेसला, बँडच्या मूळ गावी, ती शनिवारी पोचली. आंत्रोशूचा, म्हणजे कार्निव्हलचा, शनिवार होता आणि स्टेशनपासूनच माणसं रंगलेली होती. खाडीवरून कारखान्यांच्या धुराचा तोच कडवट वास येत होता. नन्सचे झगे घातलेल्या, दाढीवाल्या पुरुषांच्या एका घोळक्याने तिला ओळखलं आणि भर रस्त्यात गुडघे टेकून 'दार उघड' ओरडले. सगळे बेसूर होते आणि सगळे रेकॉर्डच्या पट्टीत होते. आता तिला ते ऐकू येत होतं.

एलोय कुठे असेल हे विचारावं लागलं नाही. दुपारनंतर गालियाना रस्त्यावर साबणाचा फेस सोडतात आणि गावातली शहाणी माणसं घरी बनवलेल्या बोटी-गाड्या घेऊन त्या उतारावरून घसरत येतात. बँड दरवर्षी एक गाडी करत असे. मासळीच्या खोक्यांची वखार होती तिथेच ते तालीम करत आणि तिथेच गाडी बांधत. शटर अर्धं वर होतं. नियेवेस वाकून आत गेली.

मध्ये माणसापेक्षा उंच अशी कॉफीची किटली उभी होती. पुठ्ठा, प्लायवूड, वर चंदेरी रंग. चुस शिडीवर बसून तिच्या चोचीला टेप लावत होता. पंधरा वर्षं तो तिच्या पाठीमागे ड्रम वाजवत होता. आता जस्ताच्या कारखान्यात पाळीवर जात होता.

"अरे, एलोय!" तो वरूनच ओरडला. "गालिचा आणलास का रे? माद्रिदच्या बाईसाहेब आल्यात. त्यांना साध्या जमिनीवर चालायची सवय राहिली नाही."

"गप रे, जाड्या."

"बघा, आवाज अजून चालतो."

एलोय किटलीच्या मागून बाहेर आला. हातावर चंदेरी रंग होता म्हणून त्याने मिठी मारली नाही. मनगट पुढे केलं. केस आणखी मागे गेले होते. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि ती कशासाठी आली असेल हे त्याला बहुधा तेव्हाच कळलं, कारण तो फडक्याने एकेक बोट पुसत बसला.

"काही खाल्लंस?" त्याने विचारलं. "चुसच्या आईनं फ्रिशुएलोस पाठवलेत."

बाकावर ताटाखाली झाकलेली ती पातळ गोड घावनं अजून कोमट होती. नियेवेसने एक उचललं, गुंडाळलं आणि तसंच हातात धरून ठेवलं.

"कधीपासून खाली वाजवत होतात?"

शिडीवर टेपचा आवाज थांबला.

"सांगितलं कोणी?" एलोय म्हणाला.

"विशीतल्या पोरानं. तालमीत. सगळ्यांसमोर."

"तारागोनाचा दौरा आठवतोय? तू तापात गायलीस तो?" एलोय बाकावर बसला. "त्यानंतर तुझा तो सूर हलायला लागला. एकदा लागायचा, एकदा नाही. त्या हिवाळ्यात मी सगळ्या तारा अर्धा स्वर उतरवल्या. बेसच्याही. तू आलीस, गायलीस, खूश झालीस. म्हणालीस, विश्रांतीनं आवाज परत आला. मग दोन वर्षांनी आणखी अर्धा."

"आणि सगळ्यांना माहीत होतं."

"तारा उतरवल्या हे तारा वाजवणाऱ्याला कळणारच ना," शिडीवरून चुस म्हणाला. "माझ्या ड्रमला काय फरक पडतो? तरी मला विचारलं. मत घेतलं. तीन विरुद्ध एक. मी एक. मी म्हटलं, सांगून टाका तिला. कोणी ऐकलं नाही. या बँडमध्ये ड्रमवाल्याचं कोण ऐकतं?"

"लाइटवाल्यालाही माहीत होतं?"

एलोय पुन्हा बोटं पुसू लागला.

"लाइटवाल्यालाही," चुस म्हणाला.

नियेवेसने घावन बाकावर ठेवलं. बाहेरून ढोल गेले, त्यांच्यामागे लहान मुलांची ओरड गेली. शटरखालून फेसाचा एक पांढरा गोळा वाऱ्याने आत आला आणि किटलीच्या बुडाशी विरला.

"सांगितलं असतं तर तू घाबरली असतीस," एलोय म्हणाला. "तू घाबरलीस की काय होतं मला माहीत आहे. तो सूर गेला असता आणि त्याच्या भीतीनं बाकीचेही गेले असते. वाटलं, लोकांना कळत नाहीये, तुला कळत नाहीये, कोणाचं काय बिघडतंय?"

"मी डॉक्टरकडे गेले असते."

एलोयचं फडकं थांबलं.

"महिनाभर तोंड बंद ठेवायचं होतं," ती म्हणाली. "तेवढंच. तेव्हा गेले असते तर. आता वण झालाय. वरचा येणार नाही. कधीच."

ती हे सगळं शांतपणे, बातमी सांगावी तसं बोलली. चुस शिडीवरून उतरला. उतरून कुठे उभं राहावं हे त्याला सुचेना, म्हणून तो किटलीला हात लावून उभा राहिला. रंग ओला होता. तळहात चंदेरी झाला.

"नियेवेस," एलोय म्हणाला.

"काय?"

तो तिच्या गळ्याकडे पाहत होता, आणि मग पाहणं बरं नव्हे असं वाटून त्याने नजर खाली घेतली.

"मी जाताना पेपरात काय म्हणाले होते?" तिने विचारलं.

"सोड ते."

"काय म्हणाले होते, चुस? तुला पाठ असणार."

चुसने एलोयकडे पाहिलं, मग म्हणाला, "'माझ्या मित्रांचं वाजवणं विझलंय. पाण्याखाली वाजवल्यासारखं येतं. मला पुन्हा उजेडात गायचंय.' पान उलटलं की तुझा फोटो. चांगला होता फोटो."

"तारा सैल केल्या की तसंच येतं," एलोय म्हणाला. तक्रारीचा सूर नव्हता. "जड. थोडं मातकट. मी जाड तारा लावून पाहिल्या, पण व्हायचं तेवढंच होतं."

"आणि तुम्ही काही बोलला नाहीत. पेपरवाले तुमच्या दारात आले असतील."

"आले होते. काय सांगायचं होतं त्यांना?"

त्यांनी खरं सांगितलं असतं तर काय छापून आलं असतं हे तिघांनाही ठाऊक होतं. नियेवेस खोक्यावर बसली. त्याच खोक्यावर बसून ती पहिल्यांदा 'मीठ' गायली होती, पण ते आत्ता तिला आठवत नव्हतं. ती जत्रेतल्या त्या माणसांचा विचार करत होती, हात वर केलेल्या, आणि आपण त्यांच्याकडे तोंड करून, डोळे मिटून उभ्या होतो त्याचा.

"एक विचारू?" एलोय म्हणाला. "रागावू नकोस. खरंच कळलं नव्हतं तुला? एकदाही?"

"डॉक्टरीणही हेच विचारत होती."

"मग?"

नियेवेस उठली. किटलीची चोच वाकडी बसली होती. तिने ती दोन्ही हातांनी धरून सरळ केली.

"इथे टेप लाव," ती चुसला म्हणाली. "पहिल्याच वळणावर गळून पडेल."

चुसने टेप लावली. तिने चोच धरून ठेवली. मग तिने हात पुसले.

"तू काय करणार आता?" एलोयने विचारलं.

"मूळ पट्टीत गाणार."

"फाटेल."

"फाटू दे. लोकांसमोर फाटू दे. निदान आवाज माझा असेल."

"थांब तरी," चुस म्हणाला. "घसरगुंडी बघून जा. आम्ही बक्षीस घेणार यंदा."

"दरवर्षी घेता."

"दरवर्षी चौथं घेतो. चौथ्याला बक्षीस नसतं हा काय आमचा दोष?"

ती हसली. शटरखालून वाकून बाहेर पडताना तिने मागे पाहिलं तेव्हा एलोय बाकावर तसाच बसलेला होता आणि तिचं न खाल्लेलं घावन पुन्हा ताटाखाली झाकून ठेवत होता.

*

माद्रिदला आल्यावर तिने रामिरो आणि पालोमाला थिएटरजवळच्या कॅफेत बोलावलं. डॉक्टरीण काय म्हणाल्या ते सांगितलं. तारांचं सांगितलं. पालोमा बशीतला चमचा पुन्हा पुन्हा सरळ करत राहिली.

"मग 'मीठ' काढून टाकू," पालोमा म्हणाली. "नवीच गाणी घेऊ. कोण काय म्हणणार आहे?"

"सगळी तिकिटं 'मीठ'वर गेलीत, हे तूच म्हणालीस."

"मी काहीही म्हणते, राणी. माझं कामच आहे ते."

"गाणार आहे मी. एकदाच. रेकॉर्डवर आहे तसं." नियेवेस रामिरोकडे वळली. "आणि मला न सांगता तू काही उतरवायचं नाहीस. अर्धासुद्धा नाही. शब्द दे."

"आणि मधला आवाज गेला तर?" रामिरो म्हणाला. "डॉक्टर म्हणाल्या ना जाईल म्हणून. एका रात्रीसाठी?"

"शब्द दे, रामिरो."

रामिरोने चष्मा काढला, डोळे चोळले, चष्मा पुन्हा लावला.

"दिला," तो म्हणाला.

त्यानंतर डॉक्टरीण बाईंनी सांगितलं होतं तसं तिने बोलणं बंद केलं. पाव आणायला जाताना बोटाने दाखवत असे. शेजारीण, दोन्या प्रेसेन्तासिओन, पहिल्या दिवशी घाबरली, दुसऱ्या दिवशीपासून मात्र जिन्यात गाठून तिला आपल्या सुनेबद्दल सगळं सांगू लागली. "तू कशी ऐकून घेतेस गं," ती म्हणायची. "आमच्याकडे कोणी ऐकून घेत नाही." आईचा फोन आला की नियेवेस रिसीव्हरवर नखाने टकटक करायची, आई पलीकडून एकटीच बोलायची आणि शेवटी म्हणायची, "लहानपणी अशी गप्प बसली असतीस तर किती बरं झालं असतं." तिकडे तालमी तिच्याशिवाय चालल्या होत्या. रामिरो निरोप पाठवायचा, 'छान चाललंय.'

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी ती थिएटरात पोचली. खुर्च्या रिकाम्या होत्या; कोणीतरी वरच्या गॅलरीत झाडू मारत होतं. मांडणी झाली होती. साउलने नवी गिटार गळ्यात अडकवली होती, पूर्वीची लाल नव्हती, काळसर होती.

"कशी आहे?" तो म्हणाला. "भाड्यानं आणली. थिएटरसाठी."

"देखणी आहे," नियेवेस म्हणाली. इतक्या दिवसांनी आलेला आपला आवाज तिला स्वतःलाच अनोळखी वाटला. "शेवटचंच घेऊ. जमतं की नाही ते आत्ताच बघू."

पालोमा पहिल्या रांगेत येऊन बसली. रामिरोने मान हलवून ताल दिला.

सुरुवातीची गिटार तिला जराशी जड वाटली. रिकामं सभागृह असं असतं, आवाज शोषायला माणसं नसतात, असं तिने ठरवलं आणि ती गायला लागली. पहिलं कडवं गेलं. दुसरं गेलं. मधल्या वाद्यांच्या तुकड्यात तिने डोळे मिटले आणि दोन्ही हात पोटावर ठेवले. त्या सुराकडे जाताना आतलं सगळं कसं आवळून येतं ते या काही आठवड्यांत तिला नव्याने माहीत झालं होतं, आणि ते आवळून येण्याची वाट पाहत ती 'दार'वर आली आणि 'उघड'वर वर गेली.

सूर आला. स्वच्छ आला, भरून आला, यायला हवा होता त्यापेक्षा सहज आला, आणि ती त्यावर थांबली, हवं तितकं थांबली. वरचा झाडू थांबला. गाणं संपलं तेव्हा गॅलरीतल्या त्या न दिसणाऱ्या माणसाने टाळ्या वाजवल्या. ड्रमवाल्याने काठ्या हवेत फेकल्या आणि त्यातली एकच झेलली. पालोमा तोंडावर हात ठेवून रडत होती.

"बघितलंस?" नियेवेस रामिरोला म्हणाली. "बघितलंस? विश्रांती. गप्प बसल्यानं झालं."

"झालं की," रामिरो म्हणाला. "मी काय म्हणत होतो?"

त्याने तिला मिठी मारली. मिठी जरा जास्तच लांबली. तिने साउलचे केस विस्कटले. साउल हसला, पण तिच्याकडे न पाहता. कीबोर्डवरची मुलगी तेवढी जागेवर बसून होती. तिचं नाव एलिसेन्दा. ती कधी कोणाशी फार बोलत नसे. नियेवेस तिच्या गालांचे मुके घ्यायला कीबोर्डला वळसा घालून पलीकडे गेली आणि वाकली.

कीबोर्डच्या कोपऱ्यात एक हिरवट चौकोन होता, काडेपेटीएवढा. त्यात आकडा होता. उणे दोन. म्हणजे बोटं जिथे पडतात तिथून दोन अर्धे स्वर खाली वाजवायला त्या यंत्राला सांगितलेलं होतं.

एलिसेन्दाने कागद उचलायच्या निमित्ताने हात पुढे आणला आणि त्या चौकोनावर ठेवला. हात तिथेच राहिला. तिचे कान लाल झाले होते.

नियेवेसने तिच्या एका गालाचा मुका घेतला, मग दुसऱ्या.

"सुंदर वाजवलंस, पोरी," ती म्हणाली.

ती परत पुढे आली. रामिरो पाण्याची बाटली घेऊन उभा होता. तिने ती घेतली, घोटभर पाणी पिऊन झाकण नीट फिरवून बसवलं. पालोमा पहिल्या रांगेतून म्हणत होती की आता बास, आता आराम, रात्रीसाठी जपून ठेव. नियेवेसने माइकचा स्टँड उचलला आणि दोन पावलं पुढे, रंगमंचाच्या अगदी काठावर नेऊन ठेवला. तिथून फक्त खुर्च्या दिसत होत्या.

"पुन्हा एकदा," ती म्हणाली.

"कशाला?" मागून रामिरो म्हणाला. "आला ना?"

"आला," नियेवेस म्हणाली. "म्हणूनच. अगदी तसंच घ्या. काही बदलू नका."

मागे कोणीतरी खुर्ची सरकवली. क्षणभर कोणी सुरुवात केली नाही. तिने वळून पाहिलं नाही. तिने डोळे मिटले आणि ती गिटारची वाट पाहत उभी राहिली.